घराच्या खिडक्या : निवड, माप आणि हिशेब



उसाचं बिल खात्यावर जमा झालं की घराचं काम काढायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. कुणी माळवद उतरवून टिनं टाकतो, कुणी स्लॅब ओततो, कुणी पोराच्या लग्नाआधी एक खोली वाढवतो. पाया, भिंती आणि सळई यांतच पैसा सरत येतो. भिंत कमरेपर्यंत चढली की मिस्त्री विचारतो, "काकाजी, खिडक्या कुठं ठेवू अन् केवढ्या ठेवू?" आपण तेव्हा ओलित करत असतो, नाहीतर टोळीच्या मुकादमामागं फिरत असतो. आपण म्हणतो, "ठेव ना बाप्पा, शेजारच्यानं ठेवल्या तशा." शेजाऱ्याचं घर उत्तरेला तोंड करून आणि आपलं पश्चिमेला. पुढची तीस-चाळीस वर्षं त्या एका वाक्याची किंमत घरातली माणसं भरत राहतात.

प्रस्तुत लेखकानं कारखान्याच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियरची नोकरी केली आहे. गोदामं आणि कामगारांच्या चाळी बांधताना बऱ्याच खिडक्या बसवल्या. तरीही स्वतःच्या घरात चूक केली ती केलीच. मायसाठी वेगळी खोली काढली. दोन बाजूंनी भाऊबंदांच्या भिंती होत्या, उत्तरेला आपलाच गोठा. म्हणून एकच खिडकी ठेवली, तीही पश्चिमेला, पाच फूट रुंद, सरकत्या काचेची. दिसायला झकास. पहिल्याच मे महिन्यात माय बाज उचलून अंगणात गेली आणि म्हणाली, "बाबू, खोली नाही बांधली तू, भट्टी बांधली. मले नाही झोपनं होत तिथं." पावसाळ्यात तीच खिडकी झोडपली जाई, म्हणून ती बंद. म्हातारं माणूस दोन वर्षं त्या खोलीत राहिलं असं म्हणता येणार नाही, सामान राहिलं. आपला तसा पैसा जाऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दिशेची. हिला एक रुपयाही लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी लक्ष देत नाही. आपला वाशिम जिल्हा साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या २३ च्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. मधल्या काळात तो दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ असा की ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन आत येतच नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडं कलतो, जमिनीपासून सुमारे ४६ अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊब आत येते. दीड-दोन फुटांचा छज्जा असला की दक्षिणेची खिडकी बारमाही सुखाची. उत्तरेची खिडकीही चांगली. उजेड भरपूर, ऊन जवळजवळ नाही. पूर्वेचं ऊन सकाळचं, ते कोवळं असतं आणि आठ-नऊ वाजेपर्यंत कुणाला जाचत नाही.

त्रास आहे तो पश्चिमेचा. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि छज्जाच्या खालून सरळ आत शिरतो. छज्जा तीन फूट काढला तरी पाच वाजताचं ऊन अडत नाही. त्यात उन्हाळ्याचा झळांचा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून, आणि मृगानंतरचा पाऊसही पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच. मग पश्चिमेला खिडकी ठेवूच नये का? तसंही नाही. रात्री नऊनंतर जी थोडी गार झुळूक येते ती पुष्कळदा त्याच अंगानं येते. ठेवावी, पण लहान ठेवावी, आणि तिला काच न लावता लाकडाच्या किंवा पत्र्याच्या भरीव झडपा लावाव्यात. दुपारी बंद, रात्री उघडी. बाहेर कडुनिंब असेल किंवा पडवी असेल तर सोन्याहून पिवळं. काचेची मोठी खिडकी पश्चिमेला लावणं म्हणजे उन्हाला घरात बोलावून वर दार लावून घेण्यासारखं आहे. काचेतून ऊन आत येतं, फरशी आणि भिंती तापतात, आणि तापलेल्या फरशीची धग त्या काचेतून तशी परत बाहेर जात नाही.

आपले बाप-आजे लहान खिडक्या ठेवत. आजची पोरं त्यांना अडाणी म्हणतात. जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन हात जाड, मातीच्या किंवा दगडमातीच्या. दिवसभराचं ऊन अशी भिंत पिऊन घेते आणि आतल्या अंगाला ते पोचेपर्यंत रात्र होते. खिडकी लहान, उंचावर, दिवसा बंद आणि रात्री उघडी, हा त्या भिंतीला साजेसा हिशेब होता. सेवाग्रामची बापू कुटी पाहिली असेल तर आठवा. मातीच्या भिंती, बांबूची जाळी, उतरतं कौल आणि पुढं पडवी. आता आपण नऊ इंचांची वीट आणि वर स्लॅब टाकतो. ती भिंत संध्याकाळीच आत धग सोडू लागते. म्हणून आजच्या घराला जुन्यापेक्षा जास्त हवा लागते, रात्री तर फारच.

आता माप. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत एक सोपा नियम दिला आहे. उष्ण आणि कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश इतकी उघडी जागा खिडक्यांची असावी. दार त्यात धरू नये. दमट उष्ण प्रदेशात हेच प्रमाण एक षष्ठांश आहे. स्वयंपाकघराला चौथाई जास्त. आपण वऱ्हाडातली माणसं, एक दशांश हा आपला आकडा, आणि तो कमीत कमी आहे हे ध्यानात असू द्यावं.

एक साधं घर घेऊ. बैठक १४ × १० फूट म्हणजे १४० चौरस फूट. उघडी जागा हवी १४ चौरस फूट. निजायची खोली १२ × १० म्हणजे १२०, हवी १२. स्वयंपाकघर १० × ८ म्हणजे ८०. एक दशांश ८ आणि चौथाई जास्त धरून १०. आता खिडक्या अशा ठेवल्या: बैठकीला ३ × ४ फुटांच्या दोन, म्हणजे २४ चौरस फूट, निजायच्या खोलीला २½ × ४ च्या दोन, म्हणजे २०, स्वयंपाकघराला ३ × ४ ची एक, म्हणजे १२. एकूण ५६ चौरस फूट. कागदावर भरपूर झाल्या.

पण इथं एक मेख आहे. संहितेत जी जागा मोजायची ती उघडणारी. बिजागरीची दोन झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. सरकती खिडकी दोन पट्ट्यांची असेल तर निम्मीच उघडते, कारण एक काच दुसरीमागं जाऊन उभी राहते. म्हणजे वरच्या बैठकीत २४ चे झाले १२, हवे होते १४. निजायच्या खोलीत २० चे १०, हवे १२. स्वयंपाकघरात १२ चे ६, हवे १०. पैसे ५६ फुटांचे दिले, वारा २८ फुटांचा घेतला. त्यावर डासांची जाळी आली की वारा आणखी अडतो. शहरात पंखा आणि एसी चोवीस तास चालतो, तिथं हे खपतं. आपल्याकडं वीज कधी येईल आणि कधी जाईल हे सांगायला नको. सरकती घ्यायचीच असेल तर खिडकीचं माप वाढवा, किंवा तीन पट्ट्यांवर तीन काचा असलेली घ्या; ती दोन तृतीयांश उघडते.

दुसरं असं की एका खोलीला एक मोठी खिडकी ठेवण्यापेक्षा दोन लहान बऱ्या, आणि त्या दोन वेगळ्या भिंतींत. वाऱ्याला आत यायला जागा हवी तशी बाहेर जायलाही हवी. पाटात पाणी सोडलं पण शेवटचं नाकं बुजवलेलं असलं तर पाणी तुंबतं, वाऱ्याचं तसंच.

हे कूलरला तर शंभर टक्के लागू आहे. वऱ्हाडात खिडकीचा विचार कूलरशिवाय होऊच शकत नाही. पुष्कळ जण कूलर लावतात आणि गार हवा निसटेल म्हणून बाकी सगळं बंद करतात. अर्ध्या तासात खोली दमट होते, अंग चिकचिक करतं, आणि मग दोष कूलरच्या ताट्यांना. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून गार करतो. आतली ओली हवा बाहेर गेली तरच तो चालतो. म्हणून कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी थोडी उघडी पाहिजे. बांधतानाच ठरवावं की कूलर कुठं बसेल, शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला सावलीत, आणि त्या खिडकीचं खालचं एक ग्रील उघडणारं ठेवावं. नाहीतर दर उन्हाळ्यात ग्रील कापायला वेल्डर बोलवावा लागतो. कूलरची बॉडी लोखंडी, पाणी भरलेलं आणि वायर जुनी, यातून दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं माणूस जातो. खिडकीजवळ तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग यांचा खर्च खिडकीच्याच खात्यात धरा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि तो दिवसा चावतो, मलेरियाचा रात्री. जाळी लावायची तर ती रात्रंदिवसाची हे त्यावरून समजावं.

स्वयंपाकघराबद्दल बायामाणसांना विचारून काम करा. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरोघर गेलं, तरी भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला चूल अजून पुष्कळ घरांत आहे. धूर गरम असतो, तो वर चढतो. खिडकी छातीएवढ्या उंचीवर आणि वर बंद स्लॅब असला तर धूर वरचे तीन फूट भरून मगच खिडकीतून निघतो, आणि उभ्या बाईचं डोकं नेमकं त्याच धुरात असतं. तिच्या ओढणीला धरून उभ्या असलेल्या पोराचं पुढं. म्हणून चुलीच्या अंगाला स्लॅबच्या लगत खाली एक फूट उंच आणि दोन फूट रुंद असा झरोका ठेवावाच. त्याला काच नको, झडप नको. विटांची जाळी पुरते, पाखरं येऊ नयेत म्हणून मागून तारेची जाळी. खर्च जवळपास नाही. एका सभासदाच्या घरी हे नंतर करायचं ठरलं तेव्हा लिंटेलच्या वरची भिंत फोडावी लागली, टाईल्स गेल्या त्या वेगळ्या.

विटांच्या जाळीवरून आठवलं. लॉरी बेकर (१९१७–२००७) हे जन्मानं इंग्रज, पण आयुष्य त्यांनी इथं, मुख्यतः केरळात, स्वस्त आणि चांगली घरं बांधण्यात घालवलं. त्यांचा एक मुद्दा प्रत्येक घरमालकानं पाठ करावा असा आहे: एक चौरस फूट खिडकी ही एक चौरस फूट साध्या भिंतीपेक्षा कितीतरी पट महाग पडते. म्हणून जिथं फक्त हवा आणि उजेड पाहिजे तिथं त्यांनी विटा सोडून-सोडून जाळीच्या भिंती बांधल्या. आपल्याकडं न्हाणी, धान्याची खोली, जिन्याची जागा, गोठा यांना खिडकी कशाला? जाळी बांधा. वाचलेला पैसा बैठकीच्या आणि निजायच्या खोलीच्या खिडकीत घाला.

आता कोणती खिडकी. लाकडी म्हटलं की साग. खरा पिकलेला साग असेल तर वाळवी आणि पाणी दोन्ही सोसतो. पण बाजारात सागाच्या नावावर काय काय येतं ते आपण जाणता. कच्चं, ओलं लाकूड लावलं तर पहिल्या पावसाळ्यात झडप फुगते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फट पडते. घरची बाभूळ किंवा कडुनिंब असेल तर चौकटीला चालतं, मात्र कापून, सावलीत थप्पी लावून निदान एक उन्हाळा वाळलं पाहिजे. लाकडाचा हिशेब घनफुटांत असतो, तो स्वतः करता यावा. ३ × ४ ची चौकट घ्या. उभ्या दोन, ४-४ फूट. आडव्या दोन, कान धरून ३½-३½ फूट. एकूण १५ फूट. जाडी ४ × २½ इंच, म्हणजे १० चौरस इंच. १० गुणिले १५ भागिले १४४, आलं १.०४. म्हणजे चौकटीला साधारण एक घनफूट. दोन झडपांच्या पट्ट्या मिळून सुमारे पाऊण घनफुटाच्या आत. छाटणी धरून एका खिडकीला दोन घनफूट पुष्कळ झालं. पाच खिडक्यांना सुतारानं वीस घनफूट सांगितलं तर निम्मं कुठं जाणार आहे ते विचारायला हरकत नाही.

लोखंडी खिडकी स्वस्त, मजबूत आणि वाळवीची भीती नाही. पण तीन-चार वर्षांनी रंग नाही दिला तर खालची पट्टी गंजून जाते. बसवण्याआधीच रेड ऑक्साईडचा हात चारही अंगांनी द्यावा. भिंतीत गेलेली बाजू नंतर रंगवता येत नाही. सिमेंटच्या चौकटीही मिळतात. त्या स्वस्त आहेत, गंजत नाहीत, कुजत नाहीत; बिजागरीची जागा मात्र आधीच नीट सोडलेली असावी, मागून छिद्र पाडलं की कोपरा उडतो. ॲल्युमिनियमला रंगाची कटकट नाही. तिथं फसवणूक होते ती पट्टीच्या जाडीत. "हेवी सेक्शन" हा शब्द बिलावर असून उपयोग नाही. जाडी किती मिलिमीटर ते लिहून घ्या आणि नमुन्याचा तुकडा कापून सही करून घरी ठेवा. यूपीव्हीसी आता वाशिमलाही मिळू लागलं आहे. ते धग कमी आत घेतं आणि गंजत नाही, पण आत लोखंडी पट्टी घातलेली आहे का ते पाहावं. नुसतं पोकळ प्लास्टिक उन्हानं वाकतं. काच ४ मिलिमीटरची की ५ ची ते बिलात लिहावं. गारपिटीपुढं मात्र दोन्हींचा भरवसा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात आणि पुन्हा ११ फेब्रुवारी २०१८ ला ज्यांनी गारा पाहिल्या त्यांना हे सांगायला नको. उघड्या रानातल्या घराला भरीव झडप हीच खरी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर साध्या घराला लोखंडी किंवा सिमेंटची चौकट, बिजागरीच्या झडपा, अर्धी झडप भरीव आणि वरच्या अर्ध्यात काच, हा मेळ सर्वांत पुरतो. रस्त्यावरून तो दिसायला साधा आहे, एवढाच त्याचा दोष.

गजांचं आणि ग्रीलचं आता जरा नीट वाचा, कारण इथं काट्याचा प्रश्न आहे. उसाच्या काट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो आणि ग्रीलचं वजन मात्र वेल्डर सांगेल ते मान्य करतो. ३ × ४ ची खिडकी, गज चार-चार इंचांवर. ३६ इंचांत नऊ गाळे, म्हणजे आठ गज, प्रत्येक ४ फूट. झाले ३२ फूट. चार सुती, म्हणजे १२ मिलिमीटर चौरस गजाचं वजन मीटरला १.१३ किलो, फुटाला सुमारे ३४४ ग्रॅम. ३२ फुटांचे ११ किलो. दोन आडव्या पट्ट्या २५ × ५ मिलिमीटरच्या, मिळून ६ फूट, त्यांचे १ किलो ८०० ग्रॅम. एकूण तेरा किलोच्या थोडं आत. हेच गज १० मिलिमीटरचे असतील तर फुटाला २३९ ग्रॅम, एकूण साडेनऊ किलो भरतात. म्हणजे बोलताना १२ चे आणि लावताना १० चे लावले तर खिडकीमागं साडेतीन किलोचा फरक. पाच खिडक्यांना सतरा किलो. काम उक्तं असेल, म्हणजे चौरस फुटाच्या दरानं, तर ही तूट आपल्या अंगावर. किलोनं असेल तर वजन आपल्यासमोर, रंग लावायच्या आधी व्हावं. दोन्ही पद्धतींत गज मोजपट्टीनं मोजा. चार इंचांपेक्षा रुंद गाळा ठेवू नका. लहान मूल डोकं घालतं आणि अडकतं. आणि घरात एखादी तरी खिडकी अशी असू द्या की जिचं ग्रील आतून कडी काढून उघडता येईल. आग लागली आणि दार अडलं तर माणसानं कुठून निघावं?

घर काळ्या मातीवर असेल तर आणखी एक गोष्ट. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंत हलते, आणि पहिली तिरपी भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघते. मग झडप लागेनाशी होते आणि आपण सुताराला शिव्या देतो. सुताराचा दोष नसतो, पायाचा असतो. खिडकी भिंतीच्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट आत घ्या, दोन खिडक्यांमध्येही दोन फुटांची भिंत राहू द्या, आणि लिंटेल तुकड्या-तुकड्यानं न टाकता घरभर सलग पट्टा फिरवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली हे आपण विसरलो नाही. २०२४ साली मार्चात आणि जुलैत हिंगोलीकडं धक्के बसले तेव्हा आपल्या वाशिमातही भांडी वाजली. जुन्या मातीच्या भिंतीला नवी खिडकी पाडायची असेल तर पावसाळ्यात हात लावू नका. आधी माळवदाच्या तुळयांना टेकू द्या. ज्या ठिकाणी तुळई भिंतीवर टेकली आहे त्याच्या खाली भोक पाडू नका. आणि वरचं लिंटेल दोन्ही बाजूंना फूटभर भिंतीत गेल्याशिवाय खालची माती काढू नका. हे जमणार नसेल तर खिडकीचा नाद सोडा आणि छपरात एक काचेचं कौल किंवा पारदर्शक पत्रा घाला. अंधाऱ्या खोलीला उजेड तरी येईल.

आता पैशाचं. उसाच्या बिलाबद्दल १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांची मुदत लिहिलेली आहे. पण घराचा हिशेब मुदतीवर करू नये, सोसायटीचं कर्ज कापून खात्यावर जी रक्कम प्रत्यक्ष उरली तिच्यावर करावा. आणि पैसा कमी असला तर खिडक्यांची संख्या कमी करू नका, काम पुढं ढकला. यात क्रम महत्त्वाचा. भिंतीतली मोकळी जागा, लिंटेल, छज्जा आणि चौकट ही आत्ताच झाली पाहिजेत, ती नंतर करायला तिप्पट पडतात. गजही आत्ताच, कारण चोर थांबत नाही. झडपा पुढच्या हप्त्यावर ठेवता येतात. तोवर खाली तट्ट्या किंवा पोतं चालतं, कुणी हसलं तर हसू द्या. काच, जाळी आणि रंग त्याहून पुढच्या हंगामावर. पुष्कळ सभासद उलटं करतात. दर्शनी भिंतीला चकचकीत काच आणि मागच्या खोल्यांना भोकंच नाहीत.

घरकुल मिळालेल्यांनी तर हा क्रम पाळावाच. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) केंद्राच्या मूळ हिशेबानं सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट जागा आहे. एवढ्या घराला २७ चौरस फूट उघडणारी खिडकी पुरते. ती दोन खोल्यांत समोरासमोर वाटून घ्यावी.

दरपत्रक निदान तिघांकडून घ्या आणि तिघांना एकच माप लिहून द्या, नाहीतर तुलना होत नाही. त्यात विचारायचं ते असं: दर चौकटीच्या बाहेरच्या मापावर की आतल्या; काचेचं माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांवर ओढणार का; जाळी, कड्या, बिजागऱ्या, वाहतूक, बसवणावळ आणि चौकटीभोवतीचा गिलावा त्यात आहे की वेगळा; जीएसटी धरून की सोडून. चौरस फुटाला कमी दर सांगणारा पुष्कळदा या "वेगळ्या"मध्येच भरून काढतो. एकूण आकड्यावर शंभराला दहा रुपये वरचे धरून ठेवा. एका कारागिराला मी निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ दिली होती, तर तो दिवाळी ते होळी आला नाही. तेव्हापासून चौकट आल्यावर एक हप्ता, बसल्यावर दुसरा, आणि पहिला मोठा पाऊस खिडकीवर पडून गेल्यावर शेवटचा, असं मी लिहून घेतो. पाऊस पाहिल्याशिवाय खिडकी पास करू नये. खालच्या सिलचा उतार बाहेर आहे का आणि छज्जाच्या कडेला पाणी तोडायची खाच आहे का, हे पाऊसच दाखवतो.

जुनं घर पाडताना चौकटी भंगारात घालू नका. वरचा काळा थर रंध्यानं काढून पाहा. खाली पिवळा साग निघाला तर आजच्या बाजारात तसं लाकूड मिळत नाही. मायच्या खोलीचं शेवटी असंच केलं. दिवाळीनंतर उत्तरेची भिंत फोडली, गोठा दहा फूट मागं सरकवला, आणि आमच्या जुन्या माळवदाच्या घरातली अडीच बाय चारची चौकट तिथं बसवली. पश्चिमेच्या पाच फुटांतले तीन फूट विटांनी बुजवले आणि राहिलेल्या दोन फुटांना सागाची झडप लावली. तोडफोड, मजुरी आणि नवा गिलावा मिळून पहिल्या खिडकीच्या दुपटीहून जास्त खर्च आला. मायनं बाज आत आणली. त्या चौकटीवर आबाजींनी कोरलेला एक मोर होता, त्याची चोच मात्र सुतारानं रंधा मारताना उडवली. ते तिनं त्याला अजून माफ केलेलं नाही.